कोंबडीच्या पायांवरचे घर

कोंबडीच्या पायांवर उभे असलेले घर कोणी पाहिले आहे काय? रशियातील मुलांनी ते पाहिले आहे. डोळ्यांनी नव्हे, गोष्टीत. घनदाट अरण्यात ते घर उभे असते आणि त्यात बाबा यागा नावाची हाडकुळी म्हातारी राहते. तिला कोठे जायचे झाले की ती उखळात बसते, मुसळाने उखळ हाकते आणि मागे राहिलेला माग केरसुणीने पुसून टाकते. गोष्टीतला मुलगा किंवा मुलगी घरातून निघाली की वाटेत हे घर हमखास लागते. म्हातारीला चुकवून पुढे जाता येत नाही. तिच्याशी गाठ पडून जो सुखरूप सुटतो, तोच पुढच्या मुलखात पोचतो.

मॉस्कोहून मराठीत छापून येणाऱ्या रशियन गोष्टींची पुस्तके एके काळी महाराष्ट्रात स्वस्तात मिळत. तसले एक जुने, पाने सुटलेले पुस्तक माझ्या वाचनात आले आणि बाबा यागाची ओळख झाली. मला ती परकी वाटलीच नाही. उखळ, मुसळ आणि केरसुणी या तिन्ही वस्तू आमच्या घरात आहेत! पुढे कळले, की एका रशियन संगीतकाराने या म्हातारीचे घर पियानोत उतरवले आहे. त्याचे नाव मोदेस्त मुसोर्गस्की आणि त्या रचनेचे नाव ‘प्रदर्शनातील चित्रे’. ही रचना एकट्या पियानोसाठी आहे. मला पाश्चात्त्य संगीतातले शास्त्र कळत नाही. आमच्याकडे भजनाला पेटी असते तेवढीच माझी वाद्यांची ओळख. तरीही ती रचना मोबाईलवर ऐकल्यापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही. म्हणून त्याचे चरित्र मिळेल तेथून वाचले, आणि जे समजले ते येथे सांगत आहे.

मुसोर्गस्कीचा जन्म २१ मार्च १८३९ रोजी रशियाच्या प्स्कोव्ह प्रांतातील कारेवो या खेड्यात झाला. घराणे जमीनदारांचे होते. त्या काळी रशियात शेतावर राबणारी कुळे जमिनीबरोबरच विकली आणि विकत घेतली जात. अशा भूदास कुळांच्या श्रमावर हे घराणे पोसलेले. मात्र त्यात एक गोष्ट वेगळी होती. मोदेस्तच्या वडिलांची आई, म्हणजे त्याची आजी, स्वतःच भूदास घरातली होती. मालक आणि दास या दोघांचेही रक्त या मुलाच्या अंगात होते.

त्याला सांभाळणाऱ्या दाईने बाबा यागा आणि इतर लोककथा त्याला लहानपणीच ऐकवल्या. त्या ऐकून त्याची झोप उडे. पुढे त्याने स्वतःविषयी जी थोडी माहिती लिहून ठेवली, तीत या गोष्टींचे ऋण आवर्जून नोंदवले आहे. पियानोचे पहिले धडे आईने दिले. सातव्या वर्षी तो लिस्ट या थोर संगीतकाराच्या छोट्या रचना वाजवू लागला आणि नवव्या वर्षी घरी जमलेल्या मंडळींपुढे त्याने एक मोठी रचना वाजवून दाखवली.

१८४९ साली वडिलांनी त्याला शिक्षणासाठी राजधानी सेंट पीटर्सबर्गला नेले. पियानोसाठी उत्तम शिक्षक लाभला. परंतु संगीत हा त्या घराण्याच्या दृष्टीने व्यवसाय नव्हता. मुलाने सैन्यात अधिकारी व्हावे हीच रीत. १८५२ मध्ये तो लष्करी शाळेत दाखल झाला आणि १८५६ मध्ये प्रतिष्ठित प्रेओब्राझेन्स्की पलटणीत अधिकारी झाला. त्याच वर्षी एका लष्करी रुग्णालयात पहाऱ्याच्या कामावर असताना त्याची एका तरुण डॉक्टरशी ओळख झाली. हा डॉक्टर म्हणजे पुढे संगीतकार म्हणून गाजलेला बोरोदिन होय.

लवकरच बालाकिरेव्ह, क्युई आणि कलासमीक्षक स्तासोव्ह यांच्याशी त्याचा परिचय झाला. नंतर बोरोदिन आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह हेही या मंडळींत आले. रशियाचे संगीत जर्मनी आणि इटलीच्या नकलेतून नव्हे, तर रशियाच्या मातीतून उगवले पाहिजे, हा या मंडळींचा ध्यास होता. गंमत अशी, की यांतले बहुतेक जण शिक्षणाने संगीतकार नव्हतेच. क्युई लष्करी अभियंता, बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात. मुसोर्गस्कीला रचनेचे शिक्षण मिळाले तेही बालाकिरेव्हबरोबर एका पियानोवर बसून बेथोव्हेनसारख्यांच्या कृती चार हातांनी वाजवत. १८५८ साली त्याने सैन्याची नोकरी सोडली. वय अवघे एकोणीस. माझ्याच वयाचा!

यानंतर काळ पालटला. १८६१ साली झारने भूदासांना मुक्त केले. ही गोष्ट न्यायाचीच होती, परंतु मुसोर्गस्की घराण्याचे उत्पन्न मात्र घटले. १८६३ पासून त्याला सरकारी कचेरीत कारकुनी करावी लागली, पुढे काही वर्षे वनखात्यात. १८६५ मध्ये आई वारली. दारूचे व्यसन याच सुमारास जडले आणि त्याने त्याला शेवटपर्यंत सोडले नाही. दिवसा फायली आणि रात्री संगीत असा त्याचा क्रम होता.

या काळात त्याच्या मनात एक विचार पक्का होत गेला. माणूस जसा बोलतो, तशीच संगीताची ओळ चालली पाहिजे. रागावलेला माणूस, अडखळणारा माणूस, हट्ट करणारे मूल, भांडणारी बाई यांच्या बोलण्याला प्रत्येकी एक चढउतार असतो. तो चढउतार गुळगुळीत न करता, आहे तसा सुरांत आणायचा. एकदा खेड्यात त्याने खिडकीतून एक दृश्य पाहिले. गावात वेडा समजला जाणारा एक दुबळा तरुण एका देखण्या मुलीची प्रेमासाठी विनवणी करीत होता, आणि आपल्यासारख्याला ते मिळणार नाही हेही त्याला ठाऊक होते. त्यातून मुसोर्गस्कीने एक गीत रचले. त्यात दम घ्यायलाही जागा नाही. विनवणी एका लयीत, न थांबता चालू राहते. ‘बालगृह’ या गीतमालेत तर मुलांचे बोलणे आहे. तीत एक मूल दाईला त्या भयंकर गोष्टी सांगण्याचा हट्ट धरते. ही गीते पाहून दूर राहणारा वयोवृद्ध लिस्टही प्रसन्न झाला होता.

येथे थोडे माझ्याविषयी लिहिते, त्याबद्दल क्षमा असावी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या घरची बोली पुस्तकातली नाही. माझी आजी गोष्ट सांगते ती तिच्याच बोलीत, आणि तीच गोष्ट मी ‘शुद्ध’ भाषेत लिहू गेले की तिच्यातला जीव निघून जातो. शाळेत असताना घरचा एखादा शब्द तोंडातून गेला की मागच्या बाकापर्यंत हसू पसरत असे. त्यामुळे मुसोर्गस्कीच्या या विचाराशी आले तेव्हा मी थांबले. दीडशे वर्षांपूर्वी, इतक्या दूरच्या देशात, एक माणूस बोलीची बाजू घेऊन उभा होता, आणि त्यालाही त्याची किंमत मोजावी लागली होती.

१८६७ साली त्याने ‘उजाड डोंगरावरील रात्र’ ही वाद्यवृंदाची रचना पूर्ण केली. बालाकिरेव्हने तीत दोष काढले आणि ती हयातीत वाजलीच नाही. पुश्किनच्या नाटकावरून रचलेले ‘बोरिस गोदुनोव्ह’ हे संगीतनाटक १८६९ मध्ये तयार झाले. तेही राजकीय नाट्यगृहाने नाकारले. त्याने ते पुन्हा लिहिले. १८७१-७२ च्या हंगामात तो आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह एकाच खोलीत राहत होते. खोलीत पियानो एकच. दुपारपर्यंत तो मुसोर्गस्कीने वापरायचा, तोवर दुसऱ्याने टेबलापाशी बसून लेखनाचे काम करायचे; दुपारी मुसोर्गस्की कचेरीत गेला की पियानो दुसऱ्याचा. दोघांत कुरबूर झाली नाही. वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या मित्रांना यातली थोरवी सांगायला नको. अखेर ८ फेब्रुवारी १८७४ रोजी ‘बोरिस गोदुनोव्ह’ रंगमंचावर आले. तरुण प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले, परंतु समीक्षक कठोर झाले आणि त्यांत मित्र क्युईही होता.

त्याआधी, १८७३ च्या उन्हाळ्यात, एक आघात झाला होता. व्हिक्टर हार्टमान हा चित्रकार आणि वास्तुशिल्पी त्याचा जवळचा मित्र. इमारतींना आणि वस्तूंना रशियन लोककलेचे वळण द्यावे असे त्याला वाटे, म्हणजे दोघांचा ध्यास एकच. हा हार्टमान वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक वारला. त्याच्या अखेरच्या भेटीत दोघे रस्त्याने चालले असता हार्टमानला दम लागला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. मुसोर्गस्कीने त्याला धीर दिला, पण तो दुखण्याचा इशारा आपण ओळखला नाही, याची खंत त्याला नंतर जाळत राहिली.

१८७४ च्या आरंभी स्तासोव्हने पुढाकार घेऊन सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत हार्टमानच्या चित्रांचे आणि आराखड्यांचे प्रदर्शन भरवले. चारशेहून अधिक कृती मांडल्या होत्या. मुसोर्गस्कीने स्वतःजवळची दोन चित्रे त्यासाठी दिली. तो तेथे फिरला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात सुमारे तीन आठवड्यांत त्याने ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही रचना लिहून काढली. एरवी वर्षानुवर्षे काम अर्धे ठेवणारा हा माणूस! पण मित्राचा विषय निघाला तेव्हा लेखणी थांबली नाही.

या रचनेत दहा चित्रे आहेत. त्यांच्या आधी आणि मधे मधे एक चाल येते, तिचे नाव ‘फेरफटका’. म्हणजे दालनात चालणारा स्वतः मुसोर्गस्की. त्या चालीच्या मात्रा एकसारख्या नाहीत; कधी पाच, कधी सहा. मनात विचार घेऊन चालणाऱ्या माणसाची पावले अशीच पडतात. आधी एकच सूरओळ येते आणि मग तीच अनेक सुरांनी भरून उठते. आमच्या भजनात बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, तसेच. रशियन समूहगानाचीही हीच रीत आहे.

मग चित्रे सुरू होतात. वाकड्या पायांचा बुटका, जुना गढीवजा वाडा आणि त्यापुढचे गाणे, पॅरिसच्या बागेत भांडणारी मुले, पोलंडमधील बैलगाडी, अंड्यातून अर्धवट बाहेर आलेल्या पिलांचा नाच, एक श्रीमंत आणि एक गरीब असे दोन ज्यू, लिमोज गावच्या बाजारातील बायकांचा कलकलाट. नंतर एकदम अंधार होतो. पॅरिसखालच्या भुयारातल्या थडग्यांचे चित्र येते. हार्टमानने त्या चित्रात, कंदिलाच्या उजेडात कवट्या पाहत उभा असलेला, स्वतःलाही रंगवले होते. येथे मुसोर्गस्की एक विलक्षण गोष्ट करतो. आतापर्यंत चित्रांच्या बाहेर राहिलेली ‘फेरफटक्या’ची चाल आता भुयाराच्या आत ऐकू येते, मंद आणि थरथरती. बघणारा चित्रात शिरला आहे. मेलेल्या मित्राजवळ जाऊन उभा राहिला आहे.

आणि यानंतरच ते कोंबडीच्या पायांवरचे घर येते. हार्टमानने खरे तर एका घड्याळाचा आराखडा काढला होता. बाबा यागाच्या घराच्या आकाराचे घड्याळ. मुसोर्गस्कीने घड्याळ बाजूला ठेवले आणि म्हातारीलाच उखळात बसवून उडवले. पियानोच्या तारेवर हातोडी पडते, नाद उठतो आणि लगेच विरू लागतो; पेटीसारखा तो धरून ठेवता येत नाही. याच गुणाचा त्याने येथे उपयोग केला आहे. सूर मुसळाच्या घावांसारखे आदळतात. मधे सारे शांत होते, अरण्यात कोणी श्वास रोखून उभे आहे असे वाटते, आणि पुन्हा ती झेपावते. तशीच धावत ती थेट शेवटच्या चित्रावर येऊन आदळते, मधे उसंत नाही. ते चित्र म्हणजे कीव्ह शहराची महावेस. १८६६ साली झार एका हल्ल्यातून वाचला, त्याच्या स्मरणार्थ वेशीचे आराखडे मागवले गेले होते. हार्टमानने एक काढला. परंतु ती वेस कधी बांधलीच गेली नाही. मुसोर्गस्कीने ती सुरांनी बांधली. तीत घंटा वाजतात, प्रार्थनेसारखे सूर येतात, आणि त्या घंटांच्या नादात ‘फेरफटक्या’ची चाल मिसळून जाते. चालणारा माणूस वेशीतून आत जातो.

ही मला लोककथेतल्या प्रवासासारखीच रचना वाटते. घरून निघायचे, नाना मुलूख पाहायचे, मेलेल्यांच्या जगात उतरायचे, म्हातारीच्या तावडीतून सुटायचे आणि मग नगरात पोचायचे. मित्राच्या मरणाचे दुःख सोसण्यासाठी त्याने दाईच्या गोष्टीचाच रस्ता धरला.

त्याच्या आयुष्याला मात्र तसा सुखाचा शेवट मिळाला नाही. मंडळी पांगली. १८८० च्या आरंभी नोकरी गेली. त्याने उरलेली संगीतनाटके पुरी करावीत या अटीवर मित्रांनी दरमहा काही रक्कम द्यायचे ठरवले, पण दारूने शरीर पोखरले होते. १८८१ च्या फेब्रुवारीत त्याला झटके आले. लष्करी रुग्णालयात सैनिकांनाच प्रवेश होता, म्हणून ओळखीच्या डॉक्टरने त्याची नोंद आपला नोकर अशी करून त्याला दाखल केले. एके काळचा पलटणीतला अधिकारी असा आत गेला. तेथेच मार्चमध्ये चार दिवसांत चित्रकार इल्या रेपिन याने त्याचे चित्र काढले. विस्कटलेले केस, लाल नाक, अंगात झगा. पण डोळे असे, की पाहणाऱ्याने नजर खाली घ्यावी. २८ मार्च १८८१ रोजी, बेचाळीस वर्षे पुरी होऊन आठवडाच झाला असता, तो गेला.

‘प्रदर्शनातील चित्रे’ तोवर छापलेलीही नव्हती. ती १८८६ साली छापली गेली, रिम्स्की-कोर्साकोव्हने तपासून. तो आता संगीतविद्यालयात प्राध्यापक होता आणि शास्त्राचा कसून अभ्यास केलेला होता. मित्राच्या कागदांत त्याला ओबडधोबडपणा दिसला आणि त्याने तो दुरुस्त केला. ‘उजाड डोंगर’ दुरुस्त केला, ‘बोरिस’ दुरुस्त केला. बैलगाडीच्या चित्राचेच पाहा. मुसोर्गस्कीने ते पहिल्या सुरापासून मोठ्या आवाजात लिहिले होते. छापील प्रतीत ते हळू सुरू होऊन वाढत जाते, जणू गाडी लांबून येते आहे. १९२२ साली फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेलने या रचनेला वाद्यवृंदाचे भव्य रूप दिले आणि तिची कीर्ती जगभर झाली. त्यातही गाडी लांबूनच येते, कारण त्याच्यापुढे तीच छापील प्रत होती. मूळ हस्तलिखिताप्रमाणे प्रत निघाली ती १९३१ साली.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला गाडी लांबून येतानाच ऐकू येते, हे खरे. पण गाडीबरोबर जो चालतो त्याच्या कानांत जूं, आरे आणि साटा यांचा आवाज पहिल्यापासून भरलेला असतो. आमच्या घरी बैलगाडी होती, म्हणून हे मला ठाऊक आहे. मुसोर्गस्की गाडीबरोबर चालत होता. दुरुस्त करणारा कडेला उभा होता.

तरीही रिम्स्की-कोर्साकोव्हला दोष देणे मला जमत नाही. त्याने स्वतःचे काम बाजूला सारून मित्राच्या विखुरलेल्या कागदांवर वर्षानुवर्षे डोळे शिणवले. तो नसता तर हे संगीत कपाटात कुजले असते आणि मूळ प्रत शोधायचे कोणाला सुचलेही नसते. चूक असेल तर ती समजुतीची होती. जे वेगळे आहे ते अपुरे आहे, असे शिकलेल्या माणसाला फार लवकर वाटते.

हे माझ्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे. उद्या शिकून आपणही लाल शाईची दौत हाती घेऊ. कोणाच्या तरी वहीत कोणाच्या तरी आजीची बोली येईल. शुद्धलेखन शिकवायलाच हवे, त्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. पण रेघ ओढण्यापूर्वी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे. ज्या घराला आपण वाकडे म्हणतो, ते कदाचित कोंबडीच्या पायांवर नीट उभे असेल.